तीसची पिवळी पट्टी

पडद्यावरच्या त्या गाड्यांची मला शिसारी येते. इतक्या सज्जन गाड्या मी जन्मात रस्त्यावर पाहिल्या नाहीत. आपापल्या लेनमध्ये राहतात, हॉर्न वाजवत नाहीत, माणूस आडवा आला की थांबतात, आणि तीस लिहिलं की तीसनंच चालतात. अमरावतीच्या कोणत्याही चौकात संध्याकाळी सहाला पाच मिनिटं उभं राहून बघा, मग मला सांगा. पण माझं पोट याच गाड्यांवर चालतं, त्यामुळे तोंड वर करून बोलायची सोय नाही.

काम काय ते आधी सांगतो. कुठे रस्ता रुंद व्हायचा असला, चौक बदलायचा असला, की तो आधी कॉम्प्युटरवर बांधून बघायचा. रस्ता काढायचा, त्यावर गाड्या सोडायच्या. प्रत्येक जातीच्या गाडीला सांगावं लागतं, बाई, मोकळा रस्ता मिळाला तर तुला किती वेगानं जायला आवडेल. ट्रकला वेगळं, दुचाकीला वेगळं, ऑटोला वेगळं. हे आकडे मनानं टाकायचे नसतात, रस्त्यावर उभं राहून मोजून आणायचे असतात. मग जिथे गाड्या हळू व्हायला पाहिजेत तिथे माउसनं रस्त्यावर एक पिवळी पट्टी ओढायची आणि पट्टीत वेग लिहायचा. गाडी पट्टीत शिरायच्या आधीच ब्रेक लावायला लागते. इतकं सोपं आहे ते. खऱ्या रस्त्यावर हजार बोर्ड लावून जे होत नाही ते इथे दोन बोटांत होतं.

अमरावतीत आमचं ऑफिस एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून दिवसभर माईकवर ऐकू यायचं, प्रश्न नीट वाचा, प्रश्न नीट वाचा. त्याच क्लासात मी तीन वर्षं बाक झिजवून स्पर्धा परीक्षा दिल्या होत्या आणि तिन्ही वेळा तोंडावर आपटलो होतो. तिथून मला वरच्या मजल्यावर ओढलं ते आमच्या सरांनी. सर म्हणजे ऑफिसचे मालक, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, नेहमी इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढवला नाही. सॉफ्टवेअर त्यांनीच मला शेजारी बसवून शिकवलं. चार वाजले की गिला वडा मागवायचे आणि पहिली प्लेट माझ्यापुढे सरकवायचे. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, मोकळेपणानं शिव्या तरी देता आल्या असत्या.

दोन वर्षांपूर्वी एक काम आलं. अकोल्याच्या अलीकडे एका गावापाशी रस्ता चौपदरी झाला होता. गाव रस्त्याच्या एका बाजूला, जिल्हा परिषदेची शाळा दुसऱ्या बाजूला. रस्ता लहान होता तोवर कुणाला काही वाटत नव्हतं, पण चौपदरी झाल्यावर गाड्या सुटल्या. गावानं अर्ज केला होता की शाळेपुढे रस्त्याला रुंद, सपाट माथ्याचा उंचवटा करून द्या, म्हणजे गाड्या झक मारून हळू होतील आणि पोरं त्या उंचवट्यावरून पलीकडे जातील. खात्यानं म्हटलं, आधी अभ्यास करू. तो अभ्यास आमच्याकडे आला. उंचवटा होणार की नाही, ते आमच्या अहवालावर ठरणार होतं.

आणि त्या शाळेत माझी ताई शिकवत होती.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. अकोल्यात राहते. रोज सकाळी एसटीनं येऊन गावाच्या बाजूला उतरायची, थांब्यावर जमलेली चाळीसेक पोरं गोळा करायची आणि त्यांना घेऊन रस्ता ओलांडायची. संध्याकाळी पुन्हा तेच. अर्जावर सही सरपंचाची असली तरी अक्षर ताईचं होतं, ते मी पाहिल्याबरोबर ओळखलं. काम आमच्याकडे आल्याचं तिला कळलं त्याच दिवशी फोन.

"बाबू, तुह्या ऑफिसात आलं म्हने आमचं काम?"

"आलं."

"मंग तं झालंच समज. घरचाच मानूस हाय."

मी म्हटलं, "ताई, हे असं घरच्यासारखं नसते. आकडे येतीन ते येतीन."

"येऊ दे ना आकडे! मले आकड्याचं भेव नाई. आमच्या इथून गाड्या कशा जाते ते साऱ्या दुनियेले मालूम हाय. तू फक्त मोजून ने."

मी मोजायला गेलो. कसा गेलो ते ऐका. ऑफिसची पांढरी जीप, माझ्यासोबत आणखी एक जण, दोघांच्या अंगात नारिंगी चमकती जाकिटं, आणि हातात वेग मोजायची बंदूक. गाडीवर रोखायची, घोडा दाबायचा, मागे आकडा दिसतो. जाकीट घालणं नियमातच आहे, रस्त्यावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी. जीप शाळेच्या जरा अलीकडे उभी केली आणि आम्ही ऐटीत रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. आता यात काय चुकलं ते आमच्या भागातला शेंबडा पोरगाही सांगेल. पण इंजिनिअरिंगची चार वर्षं शिकलेल्या मला ते कळलं नाही.

आमच्या रस्त्यांवर एक रीत आहे. पुढे पोलीस किंवा आरटीओ उभा असला की समोरून येणारा गाडीवाला हेडलाइट उघडझाप करून खबर देतो. ट्रकवाला कारवाल्याला देतो, कारवाला दुचाकीवाल्याला. एरवी एकमेकांना साइड देताना यांचा जीव जातो, पण साहेबाची खबर द्यायला सारे सख्खे भाऊ. पांढरी जीप, दोन माणसं, हातात बंदूक. अर्ध्या तासात दोन्हीकडे पाच-पाच किलोमीटर खबर गेली असणार. गाड्या अशा शहाण्यासारख्या येत होत्या की बघतच राहावं. अडतीस. बेचाळीस. पस्तीस. मी लिहीत होतो.

दुपारी एक ट्रॅक्टरवाला स्वतःहून थांबला, खाली उतरला आणि कागद हातात धरून माझ्यापुढे उभा राहिला.

"साहेब, इन्शुरन्स संपला हो. एक डाव सोडा."

मी आरटीओ नाही, असं एक वाक्य बोलायला काय लागत होतं? मी कागद घेतले. वरून खालून पाहिले, जसे काही मला कळत होते. म्हातारा माणूस, बापाच्या वयाचा, घाम पुसत उभा. मी म्हटलं, "पुन्हा दिसू नका असे." तो हात जोडून गेला. सोबतचा हसला, मीही हसलो. तीन वेळा नापास झालेल्या माणसाला साहेब होऊन बघायची किती हौस असते, ते त्या दिवशी मला कळलं. आज आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

काम संपल्यावर सरपंचाची शीटवर सही घेतली, जाकिटातला फोटो काढला, आणि ताईसोबत थांब्यावरच्या टपरीवर चहा घेतला. ताई भारी खुशीत होती.

"आज भल्ले मजेत गेले पोट्टे," ती म्हणाली. "एकबी गाडी आंगावर आली नाई. सकाळी गेलो तं दोन मिन्टात पल्याड. तू रोजच येत जाय ना बाबू असा, जाकीट घालून!"

ती हसली, मी हसलो. मूर्तिजापूर ओलांडेपर्यंत माझं हसणं टिकलं. मग डोक्यात प्रकाश पडला. आम्ही रस्ता मोजलाच नव्हता. आमच्या भीतीनं सरळ झालेल्या गाड्या मोजल्या होत्या. वर्षातून एक दिवस ज्या वेगानं त्या चालल्या, तो वेग मी शीटवर लिहून, सही घेऊन, फोटो काढून परत चाललो होतो. हात लेका, म्हटलं, काय बैलोबा आहेस तू!

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकली. ऑफिसच्या कपाटातून बंदूक कुणाला न विचारता घेतली आणि माझ्या मोटरसायकलवर गेलो. जाकीट नाही, जीप नाही. तोंडाला रुमाल बांधून टपरीच्या बाकावर बसलो आणि बंदुकीवर गळ्यातला दुपट्टा टाकला. ताईलाही सांगितलं नव्हतं. आकडे यायला लागले. ब्याऐंशी. एक्क्याण्णव. एक दुचाकी, तिच्यावर तिघं, शहात्तर. एक लक्झरी बस, एकशे चार. शाळेपुढे तीसचा बोर्ड उभा होता, त्याच्यावर कुणीतरी पान खाऊन थुंकलं होतं.

दहाला ताई आली. पोरं तिच्यामागे रांगेत उभी राहिली, प्रत्येकानं पुढच्याचा शर्ट धरलेला. ताईनं एक पाय रस्त्यावर टाकला आणि मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा मागे. पोरांना सवय होती, ती तिच्याबरोबर पुढे-मागे होत होती, कुणी रडत नव्हतं, कुणी मस्ती करत नव्हतं. सात वर्षांची पोरं इतकी गप्प उभी असलेली मी कधी पाहिली नाहीत. चौदा मिनिटं गेली. मग ताई ओरडली, "चाला!" आणि सगळी धावत सुटली. एका लहान पोरीची चप्पल रस्त्यात राहिली. ती वळली तशी ताईनं तिला दंडाला धरून ओढून नेलं. त्या चपलेवरून ट्रक गेला. मी दुपट्ट्याखाली घोडा दाबला होता. अठ्ठ्याऐंशी.

मला तिथे उठून काही करावंसं वाटलं, पण काय करणार होतो? आकडा लिहिला.

ऑफिसात येऊन मी खरे वेग सॉफ्टवेअरमध्ये टाकले आणि चालवून पाहिलं. पडद्यावर गाड्या सुसाट निघाल्या. रस्त्याच्या कडेला पादचाऱ्यांची माणसं उभी राहिली, आणि उभीच राहिली. मागून नवी येत होती, त्यांच्या मागे उभी राहत होती, गर्दी वाढत गेली, एकावर एक चढल्यासारखी दिसायला लागली. तासभराच्या हिशेबात पाच-सहाच पलीकडे गेली. मग त्या जागी मी उंचवटा टाकला. गाड्या हळू झाल्या, माणसं भराभर ओलांडून गेली. मला वाटलं, झालं काम! ताईचं म्हणणं आता कोणी खोटं पाडू शकत नाही. मी सरांना हाक मारली.

सरांनी चष्मा वर करून नीट पाहिलं.

"हे माप कधी घेतलंस?"

"मंगळवारी, सर. पहिल्या दिवशी लोकांना आम्ही आरटीओ वाटलो. सगळे हळू चालले."

"म्हणजे लोकांना कायद्याची भीती आहे. चांगली गोष्ट आहे की." सर हसले. "बरं, कोणाच्या आदेशानं घेतलंस? पहिल्या शीटवर सरपंचाची सही आहे, फोटो आहे. या शीटवर काय आहे? तुझा दुपट्टा?"

मी म्हटलं, "सर, आकडे खरे आहेत."

"असतील. मी खोटे म्हणालो का?" आवाज तसाच, मऊ. "पण तिथे बोर्ड तीसचा आहे. सरकारी अहवालात आपण असं लिहायचं का, की सरकारचा बोर्ड कोणी मानत नाही? मॉडेलमध्ये वाहनं नियम पाळतात असंच धरायचं असतं. शाळेपुढे पट्टी ओढ, तीस टाक. आणि आज या गावाला उंचवटा दिला की उद्या रस्त्यावरची सगळी गावं मागतील. मग चौपदरी कशाला केला?"

चार वाजले होते. सरांनी प्लेट माझ्यापुढे सरकवली.

"खा. थंड होऊन राहिला."

आणि मी खाल्ला. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, पण मी तो वडा खाल्ला, वरची तिखट चटणी बोटानं पुसून खाल्ली, हात धुतले, खुर्चीवर बसलो आणि शाळेपुढे पिवळी पट्टी ओढली. पट्टीत तीस लिहिलं. मला कुणी नोकरी जाईल म्हणून दम दिला नव्हता. सरांशी वाईटपणा नको होता, आणि खालच्या मजल्यावर त्या बाकावर पुन्हा बसायचं नव्हतं. बस्स, एवढंच. लोक म्हणतात माणूस मजबुरीनं घाण करतो. थू! मी आळसानं आणि भिडेनं केली.

पट्टी टाकताच पडद्यावर रामराज्य आलं. ट्रक लांबूनच ब्रेक लावायचे. माणसं जरा थांबून निवांत पलीकडे जायची. मंगळवारचं मॉडेल सरांनी त्यांच्यासमोरच पुसायला सांगितलं. मी पुसलं.

सभा त्याच शाळेत झाली, चौथीच्या वर्गात. खात्याचा एक मोठा साहेब आला होता, सर होते, खाली सतरंजीवर गाव बसलं होतं. फळ्यावर पांढरी चादर लावून मी प्रोजेक्टर सुरू केला. त्या सॉफ्टवेअरमध्ये पादचारी म्हणून जी आयती माणसं मिळतात, ती कोट घातलेली, हातात बॅग घेतलेली असतात, बाया गुडघ्यापर्यंतच्या झग्यातल्या. आपल्या गावचा रस्ता असे लोक ओलांडून राहिले हे पाहून गाव पोट धरून हसलं. एक म्हातारा म्हणाला, "हे कोनाचे पाव्हने होत बापा?" साहेबही हसला. गाड्या थांबत होत्या, पाव्हने जात होते.

मागच्या रांगेतून ताई उठली. मी तिचा भाऊ आहे हे तिनं गावात कुणाला सांगितलं नव्हतं. भावाचं काम म्हणून बोट ठेवतील लोक, असं तिला वाटत होतं.

"साहेब," तिनं विचारलं, "हा कोन्ता रस्ता होय?"

सर म्हणाले, "मॅडम, हा तुमचाच."

"आमचा नाई. आमच्या रस्त्यावर कोनी थांबत नाई. मी रोज पोट्टे घेऊन उभी राहतो ना तिथं. तुमी उद्या सकाळी या, मी दाखवतो."

मोठा साहेब माझ्याकडे वळला. "मोजमाप तुम्ही घेतलं?"

"हो सर."

"जागेवर जाऊन? हे आकडे बरोबर आहेत?"

ताई माझ्याकडे पाहत होती. रागानं नाही. लहानपणी पाढे म्हणायला लावायची आणि मी अडकलो की थांबून राहायची, येईल त्याला, येईल, अशी.

"बरोबर आहेत," मी म्हटलं.

ती खाली बसली. गावाच्या तोंडाला पानं पुसून झाली: दोन नवे बोर्ड, रस्त्यावर पांढरे पट्टे, आणि उन्हावर चालणारा एक लुकलुकता पिवळा दिवा. परतताना जीपमध्ये सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो तसाच राहू दिला.

ताईचा फोन आला नाही. भाऊबिजेला मी अकोल्याला गेलो, नाही कसा जाणार? तिनं पाट मांडला, ओवाळलं, तोंडात पेढा घातला. भाऊजी बाहेर गेल्यावर मीच विषय काढला. मला वाटलं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. काय मूर्खपणा! मी तिला मंगळवारचं सारं सांगितलं. दुपट्टा, ब्याऐंशी, एक्क्याण्णव, चपलेवरून गेलेला ट्रक. ती ऐकत राहिली.

"म्हंजे तू त्या दिवशी तिथं होता?"

"होतो."

"आन् तुले मालूम होतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मले वाटे, तुह्याकून चुकलं," ताई म्हणाली. "त्या जाकिटामुळं चुकलं असन, लहान हाय, ध्यानात नसन आलं. मी तुह्या भाऊजीलेबी तेच सांगितलं." ती उठली, ताट उचललं. "जेवून जाजो."

त्यानंतर ती माझ्याशी वाईट कधी बोलली नाही. वाईट बोलली असती तर मी पाय धरले असते.

पावसाळ्यात पिवळा दिवा बंद पडला. तो दुरुस्त करायला कुणी आलं नाही. श्रावणात एके सकाळी एक कार चौथीतल्या एका पोरीच्या इतक्या जवळून गेली की तिच्या पाठीवरचं दप्तर आरशात अडकून उडालं आणि पुढच्या लहान पुलापाशी जाऊन पडलं. पोरगी वाचली, नुसता हात खरचटला. गाव मात्र हादरलं. ज्यांना झेपत होतं त्यांनी पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत टाकली, तिची व्हॅन गावाच्याच बाजूनं येते, रस्ता ओलांडावा लागत नाही. ज्यांना झेपत नव्हतं त्यांच्यातल्या काहींनी पोरं मामाकडे पाठवली. चार-पाच पोरी आयांसोबत वावरात जायला लागल्या. ताई घरोघर गेली. एका आईनं तिला विचारलं, "मॅडम, तुमी लिहून देता काय, का माही पोरगी संध्याकाळी घरी येईन?" ताईनं काय उत्तर दिलं ते तिनं मला सांगितलं नाही. हे सगळं मला भाऊजींकडून कळलं.

वर्ष झाल्यावर खात्याकडून पत्र आलं. अहवाल दिला त्या जागी आता पादचारी किती ओलांडतात ते मोजून कळवा, गावाचा पुन्हा अर्ज आहे. सरांनी मला पाठवलं. मी थांब्यावर बसलो. शीटवर तीन रकाने: पुरुष, स्त्रिया, मुलं. साडेनऊपासून साडेदहापर्यंत पुरुषांच्या रकान्यात सहा रेघा झाल्या, तेही सगळे मोटरसायकल हातात धरून ढकलत नेणारे. मुलांचा रकाना कोरा. रस्त्यावर गाड्या होत्या तशाच होत्या.

दहाच्या सुमारास एसटी थांबली आणि ताई उतरली. एकटीच. थांब्यावर तिची वाट पाहणारं कुणी नव्हतं. मला पाहून ती आली, माझ्या मांडीवरच्या शीटकडे पाहिलं.

"काय मोजून राहिला?"

"रस्ता ओलांडणारे."

"पोट्टे किती झाले?"

मी शीट तिच्यापुढे धरली. 

"आन् मी?" तिनं विचारलं. "मले लिहिनार ना?"

"लिहितो. बायांच्या रकान्यात."

"आज लिही. उद्यापासून मीबी नाई. पट संपला, समायोजनाची यादी आली. मले पातूरकडच्या शाळेत देल्लं." तिनं पदर खोचला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "कुलूप लावाले चालली."

एक ट्रक गेला, मागून दोन कार गेल्या. मग जरा फट मिळाली तशी ती निघाली. पलीकडे पोचेपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो. पोचल्यावर मी स्त्रियांच्या रकान्यात एक रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सरांनी शीट पाहिली. मुलांच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि समाधानानं मान डोलावली. "बघ. म्हणालो नव्हतो? उंचवट्याची गरजच नाही तिथे. लिहून टाक दोन ओळीत."

मी लिहिलं: सदर ठिकाणी शाळकरी मुले रस्ता ओलांडत नाहीत. त्या जागेबद्दल मी आजवर जे काही लिहून दिलं, त्यातलं हेच पहिलं खरं वाक्य होतं. मी ते पुन्हा एकदा वाचलं आणि खाली सही केली.